रीडिंग

पाच तारखेपासून माझी वही सुरू होते.
आधी जुनं नाशिक, मग पंचवटी, शेवटी नाशिकरोड.
पाण्याचं मीटर हटकून अशा जागी बसवतात
की वाकल्याशिवाय आकडा दिसत नाही.
लोक म्हणतात, गांगुर्डे सगळीकडे नमतो.

दर्ग्यात ते फरशीखाली, लोखंडी झाकणाच्या आत.
झाकणावर चपलांचा ढीग.
अय्यूबभाई मुजावर त्या उचलतात जोडीजोडीनं,
एकीची दुसरीत मिसळू न देता,
मग हौदाच्या नळाकडे बोट:
वॉशर गेलाय, रात्रभर ठिबकतं.
लिहून घ्या, बिलात धरू नका.
तिथं एक पोरगा वजू करत असतो,
कानामागून ओलं बोट फिरवतो
माझी आई अंघोळ घालताना फिरवायची तसं.
शून्य चार सात एक दोन.

गुरुद्वाऱ्यातलं मीटर कधीच थांबलेलं सापडत नाही.
आतली चकती फिरतच असते, परातीएवढ्या भांड्यांमागे भांडी.
तरलोचनसिंग म्हणतात, आकडा नंतर, आधी पंगत.
मी ड्यूटीवर आहे.
मग ड्यूटीवर जेवा.
डाळीचा डाग पडलेलं ते पान वहीत अजून आहे.

अग्यारीचं मीटर भिंतीबाहेर.
आत मला जायचं नाही हे मला ठाऊक,
आणि आत विहीर आहे, त्यामुळे आकडा महिनोन्‌महिने तोच.
एकदा साहेबांनी विचारलं, खोटं लिहितोस काय?
रोहिंटनकाका फाटकाशी खुर्ची टाकून असतात.
चष्मा पुसत म्हणाले,
आमचा वापर तो काय, अठरा माणसं नि एक विस्तव.

काळ्या दगडाच्या देवळात मी मागच्या दारानं जातो,
गळ्यात महापालिकेचं कार्ड.
पुढच्या दारापाशी माझा आजा बसला होता,
तीस सालचं ऊन डोक्यावर घेऊन, शेकडो माणसांत एक.
दार बंद होतं.
पुढं ते उघडलं, सगळ्यांसाठी उघडलं,
पण आजा काही गेला नाही.
कुणी आग्रह केला की म्हणायचा,
मला दार हवं होतं, देव नव्हे.
पुजाऱ्यांचा मकरंद माझ्यासाठी बॅटरी धरतो,
हात स्थिर असतो त्याचा.
विचारतो, दर्शन घेतलं का?
रीडिंग घेतलं, म्हणतो मी.
तो हसतो. कशाला हसला
ते मी पायऱ्या उतरेपर्यंत ठरवत राहतो.

पाणी सगळं गंगापूर धरणाचंच ना हो, असं
निवृत्तीच्या भाषणात कुणीतरी म्हणणारच.
खरं आहे.
पण पाइप वेगळे आहेत,
दाब वेगळा आहे,
आणि फुटलं तर माणूस आधी कुणाकडे धावतो
तेही वेगळं आहे. माझ्या वहीत तारखा आहेत.

बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीत आकडा चौपट.
मी गळती शोधत बसलो पहिल्या वर्षी,
भिंतीला कान लावून.
सिस्टर बेनिता म्हणाल्या, गळती नाही, यात्रा आहे.
ओट्यावरच्या मेणबत्त्या उतून खाली येतात,
मीटरच्या काचेवर मेण साचतं, पांढरं, कधी गुलाबी.
नखानं खरवडून आकडा वाचतो मी.
ही सवय नखांना लागली आहे.

घरी पुष्पलता सकाळी बुद्धासमोर पाणी ठेवते,
संध्याकाळी तेच मनीप्लांटला घालते.
बावीस प्रतिज्ञा तिला तोंडपाठ,
माझी एखादी चुकली तर मधेच थांबवते.
पोरीचा रिपोर्ट आल्यापासून
गुरुवारी तिला यायला उशीर होतो.
बस मिळाली नाही, म्हणते.

काल साडी घडी घालताना
पदराच्या टोकाला काहीतरी कडक लागलं,
एक गुलाबी थेंब.
ती स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता.
मी काही विचारलं नाही.
नखानं खरवडलं हळूच, सूत निघू न देता.
खाली आकडा नव्हता.